लाकडी बाणाची खाच: दांडीतच कापावी की प्लॅस्टिकची टोपी चिकटवावी?

कंदी_पेढा

मंडळी, २०२३ साली बर्लिनमध्ये आदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच जागतिक स्पर्धेत विजेते झाले आणि आमच्या साताऱ्यात पोरांच्या डोक्यात धनुष्यबाण शिरलं ते शिरलंच. आमची कन्याही त्यातलीच. ती अकादमीत कार्बनचे बाण मारते. मला त्या चाकं लावलेल्या धनुष्यात काडीचाही रस नाही, म्हणून स्वतःसाठी साधं लाकडी धनुष्य घेतलं. २८ इंचाला ४० पौंड ओढ, म्हणजे दोरी २८ इंचांपर्यंत ओढायला ४० पौंड जोर लागतो. बाणही लाकडाचेच हवेत आणि ते घरीच करायचेत.

पाइनच्या गोल दांड्या आणल्यात, जाडी साधारण ८.७ मिलिमीटर, म्हणजे ११/३२ इंच. कानस, रंधा, शिकंजा सगळं घरात आहे. प्रश्न मागच्या टोकाचा. दोरी बसते ती खाच लाकडातच कापावी, की मागचं टोक निमुळतं करून तयार प्लॅस्टिकची टोपी चिकटवावी? कापलेली खाच दिसायला झकास, पण दोरीचा सगळा जोर त्या दोन पातळ भिंतींच्या मध्ये येणार. पाइन तसं मऊ. उकलणार नाही का? ज्यांनी खरंच हे केलंय त्यांनी सांगा. ज्यांनी केलं नाही तेही सांगतीलच, याची खात्री आहे.

टवाळ_पोपट

पहिला! सोसायटीची एनओसी घेतलीत का? आमच्याकडे जिन्यात कुंडी ठेवली तरी नोटीस येते. बाण म्हटल्यावर सर्वसाधारण सभाच बोलावतील.

उंडगा_सुतार

कंदीराव, खाच लाकडातच कापा. पण त्याआधी दांड्या उन्हात नेऊन एकेक नीट बघा. उभ्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्यात की मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडल्यात? दांडीच्या अंगावर लांबट व्ही आकाराची टोकं दिसत असतील, तर तिथे रेषा तुटलेली आहे. एखाद-दुसरं लांबट टोक चालतं. आखूड आणि जवळजवळ असतील तर ती दांडी झेंड्याला वापरा. गाठ असेल तर झेंड्यालाही नको.

बाजारातली दांडी करवतीने चिरलेल्या फळीतून निघते. करवत सरळ जाते, रेषा तिच्या मर्जीने. म्हणून जुने कारागीर लाकूड चिरत नसत, फोडत. फोडलं की ते आपोआप रेषेत उघडतं.

आता खाच. दांडीचं टोक पॉलिश पेपरने घासून बघा, वाढीच्या वलयांच्या समांतर रेघा दिसतील. खाच या रेघांना काटकोनात कापायची. रेघांच्या दिशेने कापलीत तर दोरी दोन वलयांच्या मधोमध घुसते आणि सरपणावर कुऱ्हाड पडावी तशी दांडी उकलते. निम्मे लोक इथेच फसतात आणि मग लाकडाला नावं ठेवतात.

कापायला हॅक्सॉचीच पाती घ्या. दोन किंवा तीन एकाला एक लावून टेपने घट्ट बांधायची. तीन पात्यांना जवळपास तीन मिलिमीटरची खाच पडते. तुमची दोरी मध्यावर गुंडाळलेली जितकी जाड, त्या हिशोबाने पाती कमीजास्त करा. खोली आठ ते दहा मिलिमीटर. तळ उंदीरशेपटी कानशीने गोल करा, चौकोनी कोपरा ठेवू नका. चीर कोपऱ्यातूनच सुरू होते. मग पॉलिश पेपर दुमडून आतून फिरवा आणि ओठांच्या, म्हणजे त्या दोन भिंतींच्या, धारा बोथट करा, नाहीतर दोरीचा दोरा कुरतडला जाईल. ८.७ मधून ३ गेले की दोन्ही बाजूंना पावणेतीन-तीन मिलिमीटरची भिंत उरते. ४० पौंडाला पुष्कळ.

केंटचा_मुक्कामी

सुतारभाऊंना +१. मी इकडे इंग्लंडात एका लाँगबो (उंच, साधं लाकडी धनुष्य) क्लबात जातो. लाँगबो गटात बाण लाकडाचा आणि पीस खरं हवं, असा जागतिक संघटनेचाच नियम आहे. त्यामुळे आमच्याकडे दर दुसरा म्हातारा घरच्या शेडमध्ये बाण करत बसलेला असतो.

पोर्ट्समथला मेरी रोझ जहाजाचं संग्रहालय आहे, या बाजूला आलात तर चुकवू नका. आठव्या हेन्रीचं हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. आत साडेतीन हजारांवर बाण सापडले. त्यातले बरेचसे पॉप्लरचे, म्हणजे अगदी हलक्या, मऊ लाकडाचे. आणि खाचा दांडीतच कापलेल्या! धनुष्यं मात्र आजच्या सर्वसाधारण माणसाला पूर्ण ओढताही येणार नाहीत अशी. मग मऊ लाकूड टिकलं कसं? तर खाचेला काटकोनात दांडीत एक बारीक उभी चीर पाडून त्यात शिंगाची पातळ चिपटी बसवलेली असायची, लांबी सुमारे दोन इंच. दोरी लाकडावर टेकतच नाही, शिंगावर टेकते. चारशे-साडेचारशे वर्षं समुद्रतळाशी राहून शिंग बहुतेक ठिकाणी विरघळून गेलंय, पण ती चीर शिल्लक आहे. काचेला नाक लावून बघितलं की दिसते.

तुमच्या ४० पौंडाला शिंगाची गरज नाही. खाचेच्या तळाच्या लगेच खाली रेशमी दोऱ्याचे घट्ट आटे द्या, सेंटिमीटरभर. उकललीच तर चीर तिथे अडते. दोऱ्याचं शेवटचं टोक फासा ठेवून आट्यांखालून ओढून घ्यायचं, गाठ मारायची नाही. गाठ धनुष्याला आणि हाताला लागते.

नेमका_नेम

माझं मत वेगळं आहे. हौस म्हणून करा, पण याला शहाणपणा म्हणू नका. प्लॅस्टिकच्या टोप्या साच्यातून निघतात, सगळ्या सारख्या. दोरीवर टक्कन बसतात आणि सुटताना प्रत्येक वेळी सारखंच सोडतात. हाताने कापलेल्या बारा खाचा बारा तऱ्हेच्या होतात. एक सैल, एक घट्ट, एकीचा तळ अर्धा मिलिमीटर खोल. मग बाण वर का गेला आणि खाली का गेला, हे शोधत बसा.

टोपी बसवायला मागचं टोक ११ अंशांत निमुळतं करायचं, पुढचं फाळासाठी ५ अंशांत. त्याचं पेन्सिलला टोक काढायच्या यंत्रासारखं छोटं हत्यार मिळतं. टोपी तुटली तर खरवडून दुसरी. दांडीतली खाच तुटली तर बाण गेला.

आणि मुख्य मुद्दा: सोडताना खाच तुटली की दोरी मोकळी सुटते. बाण न लावता दोरी सोडल्यावर धनुष्याचं जे होतं तेच इथे होतं. लाकडी धनुष्याच्या चिंध्या होतात आणि समोर आपलं तोंड असतं.

केंटचा_मुक्कामी

@नेमका_नेम, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच दोरा. पण टोपी कधी तुटत नाही, असं थोडंच आहे? शिवाय तिच्या मागे गोंदाचा एक सांधा वाढतो, तो उन्हात आणि दमट हवेत सुटतो. दांडीतल्या खाचेत सुटायला काही नाहीच.

एकसारखेपणाचं म्हणाल तर पाती तीच, खोली मोजायला पात्यावर टेपची खूण तीच, आणि दांडी धरायला व्ही खाचेचा ठोकळा तोच. फरक राहतो तो माझ्या हातात. तो सोडण्यातच एवढा आहे की खाचेवर ढकलायला लाज वाटते.

सदाबहार_वाचक

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. धनुष्य नाही, बाण नाही, पण वाखु आहे.

सातपुडेकर

मी अक्राणी तालुक्यात बरीच वर्षं मास्तरकी केली. तिथल्या भिल्ल घरांत आढ्याला धनुष्य टांगलेलं असायचंच. धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्या सालीची, म्हणजे चिपटीची. शहरातल्या पाहुण्यांना हे खरंच वाटत नसे. बाणाची काडी बोरूची किंवा बारीक बांबूची, पुढे लोखंडी फाळ.

इथे सगळे वलयांवर चर्चा करताय, पण बांबूला वलयं नसतात. तिथे इलाज म्हणजे पेर. खाच अशी कापायची की तिच्या तळाखाली लगेच पेर यावं. पेराशी बांबू भरीव असतो आणि उभे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे वरून निघालेली चीर तिथे थांबते. पेर लांब राहिलं तर पोकळ नळी पहिल्या दणक्यालाच फाटते. मग नळीत कठीण लाकडाची खुंटी ठोकून खाच त्या खुंटीत कापावी लागते.

काडी कापल्यावर सावलीत वाळवायची. वाकडी असेल तर निखाऱ्यावर फिरवून गरम करायची आणि गुडघ्यावर दाबून सरळ करायची, मग निवेपर्यंत तशीच धरून बसायचं. हे सगळं बघत बघत शिकलेलं असतं. एका पोराला विचारलं, कसं कळतं कुठे दाबायचं? तो म्हणाला, "मास्तर, वाकडं दिसतं ना!"

गोदाकाठी

भिल्लांवरून आठवलं. ते बाण ओढताना अंगठा लावत नाहीत, एकलव्याच्या आठवणीत, असं ऐकलंय. खरं का?

सातपुडेकर

@गोदाकाठी, सांगतात खरं, आणि अभिमानाने सांगतात. पण तर्जनी-मधल्या बोटांनी ओढणं जगभर चालतं, युरोपातही, ऑलिंपिकमध्येही. अंगठ्याने ओढायची रीत मंगोल, तुर्क, मोगल यांची, म्हणून तर मोगल चित्रांत बादशहाच्या अंगठ्यात जाड अंगठी दिसते. श्रद्धेच्या आड मी येत नाही.

बांबूच्या धनुष्यावरून लिंबारामचा उल्लेख व्हायलाच हवा. उदयपूरकडचा आदिवासी मुलगा, लहानपणी बांबूचं धनुष्य. तीन ऑलिंपिक खेळला.

टवाळ_पोपट

अर्जुनाचा अक्षय भाता असता तर हा धागाच निघाला नसता. (पळतो आता.)

निवृत्त_मास्तर

खाचेच्या दिशेबद्दल सुतारांनी सांगितलं ते बरोबर, पण अर्धंच. दुसरं अर्ध ताठपणात आहे.

सोडल्यावर बाण सरळ जात नाही. तो धनुष्याला वळसा घालत, डावीउजवीकडे लवत जातो. किती लवतो ते दांडीच्या ताठपणावर ठरतं, इंग्रजीत स्पाइन म्हणतात तेच. आणि एकच दांडी सगळ्या बाजूंनी सारखी ताठ नसते. वलयांच्या रेघा उभ्या धरून दाबा, मग आडव्या धरून दाबा. रेघा उभ्या असताना ती जास्त ताठ लागते. खाच रेघांना काटकोनात कापली की बाण धनुष्यावर चढवल्यावर नेमकी हीच ताठ बाजू धनुष्याकडे येते, आणि प्रत्येक बाणाची येते. बारा बाण बारा तऱ्हेने का जातात, याचं उत्तर खाचेच्या मापापेक्षा इथे शोधा.

घरी मोजणं सोपं आहे. फळीवर २६ इंच अंतरावर दोन खिळे ठोका. त्यांवर दांडी ठेवा, रेघा उभ्या. मध्यावर २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगा आणि दांडी किती खाली येते ते मोजा. २६ ला त्या इंचांनी भागा, ताठपणा पौंडांत मिळतो. अर्धा इंच लवली तर ५२. तुमच्या ४० पौंडाला दांडी साधारण ०.६५ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर लवायला हवी. धनुष्याला मध्ये बाणासाठी कापलेला कप्पा नसेल, तर याहून थोडी जास्त लवणारी घ्या. तिला मोठा वळसा घालायचा असतो.

सगळ्या दांड्या मोजून त्यांवर पेन्सिलीने आकडे लिहा आणि जवळजवळच्या एकत्र ठेवा. वजनाचंही तसंच.

टवाळ_पोपट

आमच्या वेळी खराट्याची काडी, करवंदीची फांदी आणि सुतळी. स्पाइन म्हणजे आईने पाठीत घातलेला धपाटा.

मोरपंखी

पिसांचं कोणीच बोलत नाही? माझ्याकडे मोराची आहेत. घार आणि गिधाडाचीही वापरत असं वाचलंय.

रानवेडी

@मोरपंखी, घार-गिधाडाचं नावही काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानपक्ष्याचं पीस जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं, आणि गिधाडं आधीच किती उरलीत! मोराच्या गळून पडलेल्या पिसाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण ती पिसं बाणाला उपयोगाची नाहीत. फार भुरभुरीत. लागतं ते पंखातलं कडक पीस.

पाळीव टर्की किंवा हंसबदकाची पंखातली पिसं घ्या, कुक्कुटपालनवाल्याकडे मागितली तर मिळतात. डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. एका बाणावर तिन्ही एकाच पंखाची हवीत, मिसळलीत तर बाण गोंधळतो. आणि प्लॅस्टिकची पिसं लाकडी धनुष्याला नकोतच. खरं पीस धनुष्याला घासताना दुमडतं आणि परत उभं राहतं. प्लॅस्टिकचं आपटतं आणि बाण उडवतं.

शिकारीसाठी कोणी हे वाचत असेल तर तोही विचार सोडा. चिंध्या भरलेलं पोतं उत्तम लक्ष्य आहे.

कंदी_पेढा

सगळ्यांना दंडवत. धागा भरकटला तरी कामाचा भरकटला.

प्रगती सांगतो. मास्तरांच्या पद्धतीने सगळ्या दांड्या मोजल्या. एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच जाडीच्या, आणि काही ३५ च्या आत तर काही थेट ६० ला! डोळ्यांना सगळ्या जुळ्या बहिणी. रेषा तिरक्या असलेल्या सुतारभाऊंच्या सल्ल्याने बाजूला काढल्या, कन्येने लगेच टोमॅटोच्या रोपांना लावल्या. उरलेल्यांपैकी एकीला खाच कापली. तीन पात्यांची खाच माझ्या दोरीला सैल होते, दोन पात्यांची आणि थोडी कानस मारलेली बरोबर बसते.

आता दोन शंका. किती घट्ट म्हणजे बरोबर? आणि ती शिंगाची चिपटी मनातून जात नाहीये. गरज नाही हे कळलं, पण करायचीच असेल तर शिंग आणायचं कुठून?

उंडगा_सुतार

बाण दोरीवर चढवा, धनुष्य आडवं धरा आणि बाण दोरीला लोंबकळू द्या. पडला नाही पाहिजे. मग दोरीवर बोटाने टिचकी मारा. पडला पाहिजे. टिचकीने पडत नसेल तर खाच घट्ट आहे, दोरी रोज तिचे ओठ फाकवत राहणार आणि एक दिवस उकलणार.

चिपटीला म्हशीच्या शिंगाचा जुना कंगवा शोधा, त्याच्या पाठीतून मिलिमीटरभर जाडीची पट्टी निघते. नाहीतर शिसवीची किंवा बांबूच्या सालीकडच्या भागाची पट्टीही चालते. क्रम महत्त्वाचा: आधी चीर, मग चिपटी इपॉक्सीने चिकटवायची, पूर्ण वाळली की तिला काटकोनात खाच. खाच आधी कापलीत तर चीर पाडताना एक ओठ हमखास हातात येतो.

आणि शेवटी चपड्याचं पॉलिश, खाचेच्या आतही. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. साताऱ्यातला पावसाळा लक्षात घेता दोन हात जास्तच मारा.

इतिहासाचा_किडा

उशिरा आलो. आल्प्समध्ये १९९१ साली जो बर्फातला माणूस सापडला, पाच हजार वर्षांपूर्वीचा ओत्झी, त्याच्या भात्यात चौदा बाण होते. पुरे झालेले फक्त दोन! त्या दोघांना कापलेली खाच, तीन-तीन पिसं, बर्चच्या डांबराने चिकटवलेली आणि वरून नेटल नावाच्या खाज आणणाऱ्या रोपाच्या तंतूंनी गुंडाळलेली. बाकी बारा नुसत्या दांड्या. म्हणजे अर्धवट सोडलेले छंद फार जुने आहेत.

नेमका_नेम

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण माझा प्रतिसाद विरोधासाठी विरोध वाटला असेल. दांडी निवडून, मोजून, दोरा गुंडाळून करणार असाल तर खाच कापायला माझी हरकत नाही. पण एक सवय लावा. प्रत्येक वेळी मारण्याआधी बाण दोन्ही हातांत धरून चारही बाजूंनी हलका वाकवा, कानाशी नेऊन. कर्र आवाज आला तर तिथेच मोडून टाका, "एवढा एक मारतो" म्हणू नका. खाचेच्या तळाशी नख फिरवा, केसाएवढी चीरही नखाला लागते. दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आपटलेला बाण तर बघितल्याशिवाय लावायचाच नाही.

स्पर्धेत मी टोपीच वापरणार.

कंदी_पेढा

@नेमका_नेम, पटलं. आणि आता नवीनच भानगड. माझे बाण बघून कन्येला स्वतःसाठी तसेच हवेत, आणि ती डावखुरी आहे. खाच तर दोन्ही बाजूंनी सारखीच. मग फक्त बाण उलटा फिरवून लावला की झालं ना?

केंटचा_मुक्कामी

नाही, तेवढं करू नका. खाच सारखी, पण दांडी सारखी नाही. सुतारभाऊंनी सांगितलेली ती व्ही आकाराची टोकं आठवा. सरळ दांडीलाही थोडी असतातच, आणि खाच बरोबर कापली असेल तर ती बाणाच्या वर आणि खाली येतात. वरच्या बाजूची टोकं लक्ष्याकडे रोखलेली हवीत. बाण सुटताना मोडलाच तर मागचा तुकडा वर सरकतो, हातात घुसत नाही. अर्धा फेरा फिरवलात की खालची बाजू वर येते आणि टोकं उलटी होतात.

म्हणून कोणतंही पीस लावण्याआधी वरची बाजू ठरवून पेन्सिलीने खूण करा. वेगळ्या रंगाचं पीस खाचेला काटकोनात आणि धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला येतं: तुमच्या बाणाला डावीकडे, तिच्या बाणाला उजवीकडे. बाकी सगळं तेच. पंख डावा की उजवा, याचा डावखुरेपणाशी संबंध नाही, मिळतील ती लावा. मात्र तिच्या धनुष्याची ओढ मोजून दांड्या वेगळ्या काढा. त्या ३५ च्या आतल्या टोमॅटोला लावल्या नसतील तर कामी येतील.